ताळा आणि पोच

आमच्या गटाने काही वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर एक स्वयंचलित पर्जन्यमापक बसवला होता. तिथे टेलिफोनची तार नव्हती, मोबाइलची रेंजही नव्हती. म्हणून मापकाला एक रेडिओ मोडेम जोडला. अठरा किलोमीटर दूर, खालच्या गावातील शाळेने आम्हाला एक खोली दिली. तिथल्या संगणकाला दुसरा मोडेम जोडला आणि अँटेना शाळेच्या छपरावर चढवली. रोज सकाळी सहा वाजता मापक आदल्या चोवीस तासांच्या नोंदींची फाइल खाली पाठवी. शाळेतल्या विज्ञानाच्या बाई ती उघडून पावसाचे आकडे फळ्यावर लिहीत.

ऑगस्टअखेरच्या एका सकाळी बाईंचा फोन आला. "सर, पहाटे तीन ते चार या एका तासात ९४ मिलिमीटर पाऊस झाल्याचं फाइलमध्ये दिसतंय. पण वरून येणारा ओढा ओलांडून मुलं शाळेत आली आहेत. इतका पाऊस झाला असता तर ओढ्याने त्यांना येऊच दिलं नसतं."

आम्ही वर जाऊन मापकाची स्मृती तपासली. तिथे आकडा होता १४. वाटेत एकाचे नऊ झाले होते! संगणक अक्षरे आणि अंक ज्या आस्की संकेतात लिहितो त्यात 'एक' हा अंक ०११०००१ असा लिहिला जातो आणि 'नऊ' हा अंक ०१११००१ असा. दोन्हींत फक्त एका बिटाचा फरक आहे. हवेतून येताना एका शून्याचा एक झाला आणि घाटमाथ्यावर ढगफुटी झाली.

ही चूक आमचीच होती. मोडेमची जोडी पोस्टमनसारखी काम करते, असे आम्ही गृहीत धरले होते. ती प्रत्यक्षात नळीसारखी काम करत होती. नळीत जे आत जाते आणि जे गळते, त्याचा हिशेब नळी ठेवत नाही. हा हिशेब कोणी, कधी आणि कसा ठेवायला सुरुवात केली, त्याची ही गोष्ट आहे.

एकामागून एक

संगणकाच्या पोटात आठ, सोळा किंवा अधिक बिट शेजारी शेजारी धावतात. दूर पाठवायचे झाले की तितक्या तारा किंवा तितके रेडिओ वापरणे परवडत नाही. मग अरुंद साकवावरून मुलांनी रांगेने जावे तसे बिट एकामागून एक पाठवतात. यालाच सिरीयल, म्हणजे क्रमिक जोडणी म्हणतात. प्रत्येक आठ बिटांच्या बाइटच्या आधी 'सुरू' असे सांगणारा एक बिट आणि शेवटी 'संपले' असे सांगणारा एक बिट जोडतात. म्हणजे एका बाइटसाठी दहा बिट लागतात. अशा जोडणीचे आरएस-२३२ हे प्रमाण अमेरिकेत १९६० साली ठरले आणि पुढे कित्येक वर्षे जवळजवळ प्रत्येक संगणकाच्या पाठीवर ते छिद्र असे.

वेगाचा अंदाज घेऊ या. आजच्या युनिकोड पद्धतीत मराठीचे एक चिन्ह तीन बाइट घेते. दोन हजार चिन्हांच्या एका पानाचे सहा हजार बाइट, म्हणजे साठ हजार बिट होतात. सेकंदाला १२०० बिट नेणाऱ्या रेडिओ जोडणीवर हे पान पोचायला पन्नास सेकंद लागतील.

या जोडणीचे नियम बाइट कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो एवढेच सांगतात. तो बरोबर पोचला का, याबद्दल ते गप्प असतात. खोलीतल्या दोन मीटर तारेवर हे चालून जाते. हवेत मात्र विजा कडाडतात, मोटारींच्या ठिणग्या उडतात, शेजारचे प्रक्षेपक बोलत असतात. सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका खरखराट झाला तरी १२०० च्या वेगाला बारा बिट, म्हणजे एका अक्षराहून अधिक मजकूर, खराब होतो.

हवाईचे गोंगाट करणारे रेडिओ

या प्रश्नाला पहिले मोठे उत्तर मिळाले ते हवाई बेटांवर. हवाई विद्यापीठाचा मुख्य संगणक होनोलुलूला ओआहू बेटावर आणि त्याची महाविद्यालये इतर बेटांवरही विखुरलेली. मधे समुद्र, आणि टेलिफोनच्या तारा महाग व बेभरवशाच्या. तिथे नॉर्मन अब्रामसन नावाचे प्राध्यापक होते. लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याच्या छंदापायी ते हवाईला येऊन राहिले होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली काम सुरू केले आणि जून १९७१ मध्ये त्यांचे 'अलोहानेट' रेडिओवरून चालू झाले.

अडचण अशी होती की सगळ्यांना मिळून एकच वारंवारता वापरायची होती. कोणी कधी बोलावे? प्रत्येकाला वेळ वाटून द्यावी तर ज्याला काही बोलायचे नाही त्याची वेळ फुकट जाते. अब्रामसन यांनी धाडसी उत्तर दिले. ज्याला जेव्हा बोलायचे तेव्हा त्याने बोलावे! मजकुराचे छोटे तुकडे करावेत, प्रत्येक तुकडा पाकिटात घालावा आणि पाठवून द्यावा. दोन पाकिटे एकाच वेळी हवेत गेली तर आदळून दोन्ही खराब होतील. होऊ द्यावीत. पाकीट धड पोचले तर मुख्य संगणकाकडून पोच येईल. पोच आली नाही तर थोडा वेळ थांबून तेच पाकीट पुन्हा पाठवावे. हा 'थोडा वेळ' मात्र प्रत्येकाने फाशासारखा यदृच्छेने निवडायचा, नाहीतर तीच दोन पाकिटे पुन्हा एकमेकांवर आदळतील.

पाकीट असे होते : पत्त्यासाठी ३२ बिट, पत्त्याच्या ताळ्यासाठी १६ बिट, मजकुराचे जास्तीत जास्त ८० बाइट म्हणजे ६४० बिट, आणि मजकुराच्या ताळ्यासाठी पुन्हा १६ बिट. एकूण ७०४ बिट. सेकंदाला ९६०० बिट या वेगाने पाकीट सेकंदाच्या सुमारे ७३ हजारांशांत निघून जाई.

'ताळा' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. गुणाकार केल्यावर अंकांच्या बेरजेवरून आपण ताळा पाहतो, तोच हा प्रकार. पाठवणाऱ्याने बिटांवर एक ठरलेले गणित करून उत्तर सोबत पाठवायचे. घेणाऱ्याने तेच गणित पुन्हा करायचे. उत्तरे जुळली नाहीत तर पाकीट फेकून द्यायचे आणि पोच द्यायची नाही.

अशा मोकाट पद्धतीत किती पाकिटे धड पोचतील? एखादे पाकीट सुरू होण्याच्या आधी एक पाकीटभर वेळ आणि ते संपेपर्यंत आणखी एक पाकीटभर वेळ, एवढ्या अवधीत दुसरे कोणी सुरू झाले की टक्कर होणार. यावरून गणित केले तर वाहिनीचा जास्तीत जास्त १८.४ टक्के वेळ सत्कारणी लागतो. हे फार कमी वाटेल. पण दर माणूस अर्ध्या मिनिटाला एक पाकीट पाठवत असेल, तर एवढ्यात सुमारे ७५ माणसे एकाच वारंवारतेवर काम करू शकतात. लॅरी रॉबर्ट्स यांनी १९७२ साली सुचवले की सगळ्यांनी ठरावीक ठोक्यावरच बोलायला सुरुवात करावी. तेवढ्याने हा आकडा दुप्पट, म्हणजे ३६.८ टक्के होतो. १९७३ साली झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी ईथरनेट कल्पिले, तेही अलोहाच्याच अभ्यासातून.

शिकागोची फाइल

अलोहावरून मुख्यतः टंकित ओळी जात. ओळीत एखादे अक्षर चुकले तर माणूस सुधारून वाचतो. फाइलचे तसे नसते. संगणकाच्या प्रोग्रॅममधला एक बिट चुकला तरी तो चालत नाही. अख्खी फाइल अचूक पाठवण्याचे, घरगुती संगणकालाही झेपणारे नियम १९७७ साली शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी लिहिले. ते टेलिफोनच्या तारेसाठी होते, पण पुढे त्यांच्या तत्त्वांची रेडिओलाही गरज पडली. त्या नियमांना एक्समोडेम हे नाव पडले.

फाइलचे १२८ बाइटांचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यापुढे त्याचा क्रमांक लिहायचा. शेवटी सर्व बाइटांची बेरीज करून तिला २५६ ने भागल्यावर उरणारी बाकी लिहायची. हाच ताळा. घेणाऱ्याने ताळा जुळला तर 'पोचले' असे एका बाइटने सांगायचे, नाही जुळला तर 'पुन्हा पाठव' असे सांगायचे.

क्रमांक कशाला हवा? समजा तुकडा नीट पोचला, पण परत येणारी पोचच वाटेत हरवली. पाठवणारा तोच तुकडा पुन्हा पाठवील. क्रमांक नसेल तर घेणारा तो नवा समजून फाइलमध्ये दोनदा लिहील. मनीऑर्डरच्या काळात पोचपावती गहाळ झाली म्हणून घरी दुसऱ्यांदा पैसे पाठवणारे चाकरमाने असत, तसेच हे. मनीऑर्डरला क्रमांक असे तो याचसाठी.

या ताळ्यात एक उणीव होती. दोन बाइटांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते. ४ आणि ५ घ्या किंवा ५ आणि ४ घ्या, बेरीज नऊच. म्हणून पुढे बेरजेच्या जागी भागाकाराची बाकी आली. सगळा मजकूर ही एक प्रचंड मोठी द्विमान संख्या मानून तिला एका विशिष्ट प्रकारे भागायचे आणि बाकी पाठवायची. यात बिटांची जागा बदलली की बाकीही बदलते. सलग खराब झालेल्या बिटांचा पुंजका ओळखण्यात ही पद्धत फार पटाईत आहे आणि रेडिओवर चुका पुंजक्यानेच येतात.

१९८१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रँक डा क्रूझ आणि बिल कॅचिंग्स यांनी 'कर्मिट' लिहिले. विद्यार्थ्यांच्या फाइलींना मोठ्या संगणकावर जागा पुरत नव्हती, त्या छोट्या संगणकांच्या फ्लॉपीवर न्यायच्या होत्या. पण मोठे संगणक काही बाइटांना मजकूर न समजता हुकूम समजत आणि मधेच थांबत. कर्मिटने असे बाइट साध्या छापील चिन्हांच्या जोडीत बदलून पाठवले आणि पलीकडे पूर्ववत केले. नाव घेतले होते दूरदर्शनवरील एका बाहुल्या-बेडकाचे! एक्समोडेम आणि कर्मिट दोन्ही त्यांच्या कर्त्यांनी सर्वांना खुले ठेवले, म्हणूनच ते देशोदेशी पसरले.

फाइल हवेत जाते

१९७८ साली माँट्रियलच्या हौशी रेडिओवाल्यांनी पाकिटे हवेतून पाठवायला सुरुवात केली. पुढे अमेरिकेतल्या टक्सनच्या हौशी मंडळींनी एक छोटी पेटी तयार केली. तिची एक बाजू संगणकाच्या सिरीयल छिद्राला आणि दुसरी रेडिओच्या माइकला जोडायची. शून्य आणि एक यांसाठी दोन वेगळे सूर : एक १२०० कंपनांचा, दुसरा २२०० कंपनांचा. ताळा, क्रमांक आणि पोच हे सगळे पेटीच सांभाळी. या संभाषणाचे एएक्स.२५ हे नियम १९८४ साली पक्के झाले.

इथे एक नवी अडचण दिसली. साधा रेडिओ एका वेळी एकतर बोलतो किंवा ऐकतो. बोलण्याकडून ऐकण्याकडे वळायला त्याला वेळ लागतो. हा वेळ सेकंदाचा तीन-दशांश भाग धरू. एक्समोडेमचा १३२ बाइटांचा तुकडा १२०० च्या वेगाने १.१ सेकंदात जातो. पण प्रत्येक तुकड्यामागे दोनदा वळायचे, म्हणजे ०.६ सेकंद वाया. ४०० तुकड्यांच्या फाइलला सुमारे सात मिनिटे पुरावीत तिथे अकरा मिनिटांहून अधिक लागतात. यावर उपाय सोपा आहे. दर तुकड्याला पोच न मागता एका दमात काही तुकडे पाठवायचे आणि मग पोच घ्यायची. एएक्स.२५ मध्ये असे सात तुकडे एकदम पाठवता येतात.

सर्वांत सुंदर युक्ती मात्र उपग्रहावर सुचली. जानेवारी १९९० मध्ये इंग्लंडच्या सरे विद्यापीठाचा यूओसॅट-३ हा छोटा उपग्रह अवकाशात गेला. तो एका ठिकाणच्या आकाशात एका वेळी फार तर पंधरा-एक मिनिटे दिसे. एकाने पाठवलेली फाइल तो स्मृतीत ठेवी आणि जगाच्या दुसऱ्या भागावरून जाताना खाली पाठवी. पण तेवढ्या मिनिटांत प्रत्येक केंद्राशी तुकड्या-तुकड्याला पोच घेत बसणार कोण? हॅरल्ड प्राइस आणि जेफ वॉर्ड यांनी नियम उलटा केला. उपग्रहाने सर्वांसाठी बोलत राहावे. ज्याला जे मिळेल ते त्याने लिहून घ्यावे आणि शेवटी फक्त आपल्या फाइलमधल्या 'भोकांची' यादी पाठवावी. उपग्रह तेवढी भोके भरून देई. वर्गात 'सगळे पुन्हा सांगा' म्हणण्याऐवजी मुलाने 'तिसरी आणि सातवी ओळ राहिली' म्हणावे, तसे हे.

याचा उपयोग कोणाला झाला? डॉ. बर्नार्ड लाउन यांनी स्थापन केलेल्या सॅटेललाइफ या संस्थेने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला याच उपग्रहातून आफ्रिकेतील डॉक्टरांपर्यंत वैद्यकीय माहिती पोचवली. जिथे फोन लागत नसे आणि नवी नियतकालिके येत नसत, तिथे औषधाच्या मात्रेचा आकडा अशा वाटेने जात होता. १४ चे ९४ होणे म्हणजे काय, हे इथे वेगळे सांगायला नको.

ज्याला ऐकूच येत नाही तो

काही यंत्रांना फक्त बोलता येते, ऐकता येत नाही. भारतीय हवामान खात्याने २००६-०७ मध्ये उभारलेल्या १२५ स्वयंचलित केंद्रांची पद्धत अशी होती. केंद्र दर तासाची नोंद उपग्रहामार्फत पुण्याच्या भूकेंद्राकडे पाठवी. पोच घ्यायची सोय नाही, आणि इतर केंद्रेही त्याच वारंवारतेवर बोलणार. म्हणून प्रत्येक केंद्र आपल्या दहा मिनिटांच्या अवधीत एकच संदेश तीन वेळा, यदृच्छेने निवडलेल्या क्षणी पाठवी. ही अलोहाचीच बहीण. एक संदेश हरवण्याची शक्यता दहात एक असली आणि तिन्ही वेळा नशीब स्वतंत्र असले, तर तिन्ही हरवण्याची शक्यता हजारात एकवर येते. पोच नसली की पुनरुक्तीने काम भागवावे लागते.

आज शेतातल्या संवेदकांसाठी लोरा नावाचे रेडिओ वापरतात. हे तंत्र फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात जन्मले. अगदी थोड्या विजेवर ते कित्येक किलोमीटर पोचते, पण वेग सेकंदाला काहीशे ते काही हजार बिट एवढाच. त्याच्या लोरावॅन या नियमांत बहुतेक उपकरणे मनात येईल तेव्हा बोलतात. पन्नास वर्षांनी अब्रामसन यांची कल्पना बांधावर येऊन उभी आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

सहा मुलांना एकेक फासा द्या. शिक्षकांनी टाळी वाजवली की सर्वांनी फासे टाकायचे. ज्याला सहा पडेल त्याने आपला पाच अंकी आकडा मोठ्याने म्हणायचा, आणि शेवटी अंकांच्या बेरजेतला एकक स्थानचा अंक ताळा म्हणून सांगायचा. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही बाद. तीस टाळ्यांत सुमारे बारा आकडे धड ऐकू येतील. मग हाच खेळ दोन मुलांत करा आणि नंतर बारा मुलांत. दोन्ही वेळा आठच्या आसपास आकडे मिळतील. पहिल्यात शांततेमुळे कमी, दुसऱ्यात गोंगाटामुळे. एकदा खेळ कळला की ऐकणाऱ्याला पाठमोरे बसवा, खिडकीबाहेर मुलांना गलका करू द्या आणि ताळा किती चुका पकडतो ते मोजा.

आमच्या पर्जन्यमापकाचे काय झाले? आम्ही फाइलचे तुकडे केले, प्रत्येकाला क्रमांक आणि ताळा जोडला आणि शाळेतल्या संगणकाला भोकांची यादी पाठवायला शिकवले. काम चार दिवसांचे होते. रोजची फाइल थोडी लांबली, पण त्यानंतर ताळा न जुळलेला एकही आकडा फळ्यावर गेला नाही.

आधीच्या नोंदींचे मात्र काही करता आले नाही. मापकाच्या स्मृतीत शेवटच्या चाळीस दिवसांच्याच नोंदी राहत. तेवढ्या आम्ही पडताळून घेतल्या. जून महिना आणि जुलैचा पहिला पंधरवडा पुसला गेला होता. त्यातला कोणता आकडा घाटावरच्या पावसाचा आणि कोणता वाटेतल्या खरखराटाचा, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. त्या सहा आठवड्यांपुढे आम्ही वहीत 'ताळा नाही' असे लिहिले आणि ते आकडे कोणत्याही सरासरीत धरले नाहीत. ऑगस्टमधली ती एक चूक तरी पकडली गेली, कारण बाईंनी फाइलचा ताळा ओढ्याशी जुळवून पाहिला होता.